विश्लेषण : वांदिवाश जिंकणारा आयर कूट हैदरअलीला का संपवू शकला नाही?

फ्रेंचांची भारतातील सत्ता मोडणारा सेनापती म्हणून आयर कूटचे नाव घेतले जाते. मात्र वीस वर्षांनी तोच कूट हैदरअलीविरुद्ध लढाईमागून लढाई जिंकत राहिला आणि तरीही युद्ध जिंकू शकला नाही. त्याचे कारण रणांगणावर नव्हते. ते होते तांदळाच्या पोत्यांत, बैलांच्या टंचाईत आणि काही अंशी पुण्यात शिजलेल्या राजकारणात.

आयर कूट कोण होता?

आयर कूटचा जन्म १७२६ मध्ये आयर्लंडमधील लिमरिक परिसरात झाला. वडील धर्मोपदेशक होते. कूट घराणे अँग्लो-आयरिश, म्हणजे इंग्लंडमधून येऊन आयर्लंडमध्ये जमीनजुमला मिळवलेल्या प्रोटेस्टंट वर्गातले. जमीन आणि सत्ता या वर्गाच्या हाती होती. पण सगळ्याच मुलांच्या वाट्याला जमीन येत नसे. त्यामुळे धाकट्या मुलांपुढे चर्च, वकिली आणि लष्कर असे मोजकेच मार्ग उरत. कूटने लष्कराचा मार्ग धरला. १७४५ च्या जॅकोबाइट बंडात, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट घराण्याला गादीवर बसवण्यासाठी झालेल्या उठावात, तो राजाच्या बाजूने लढला. हा त्याचा पहिला प्रत्यक्ष युद्धानुभव.

१७५४ मध्ये ३९ वी पायदळ पलटण भारतात आली. ब्रिटिश राजाच्या फौजेची भारतात आलेली ही पहिली पलटण. याच पलटणीचा अधिकारी म्हणून कूट मद्रासला पोहोचला. तेव्हा भारतात इंग्रजांच्या दोन प्रकारच्या फौजा होत्या. एक ईस्ट इंडिया कंपनीची, दुसरी थेट राजाची. राजाचे अधिकारी कंपनीच्या अधिकाऱ्यांना आपल्यापेक्षा कमी लेखत, तर पगाराची थैली कंपनीच्या हातात असे. या दुहेरी व्यवस्थेतले भांडण कूटला आयुष्यभर पुरले.

क्लाइव्हशी पहिला खटका कशावरून उडाला?

१७५६ मध्ये बंगालचा नवाब सिराजउद्दौला याने कलकत्ता घेतले. ते परत मिळवण्यासाठी मद्रासहून रॉबर्ट क्लाइव्ह आणि आरमारप्रमुख वॉटसन निघाले. त्यांच्यासोबत कूटही होता. २ जानेवारी १७५७ रोजी फोर्ट विल्यम इंग्रजांच्या हाती आला. वॉटसनने किल्ल्याचा ताबा राजाचा अधिकारी म्हणून कूटकडे सोपवला. क्लाइव्हला हे मान्य नव्हते. त्याने कूटला अटकेची धमकी दिली, वॉटसनने क्लाइव्हवर तोफा डागण्याची. शेवटी किल्ला कंपनीच्या हवाली झाला. पण क्लाइव्ह आणि कूट यांच्यातली अढी कायम राहिली.

सहा महिन्यांनी प्लासीची लढाई झाली. त्याआधी २१ जून रोजी क्लाइव्हने युद्धमंडळाची बैठक घेतली होती. लगेच चाल करावी की थांबावे, असा प्रश्न होता. खुद्द क्लाइव्हने थांबण्याच्या बाजूने मत दिले. लगेच लढण्याचा आग्रह धरणाऱ्या अल्पमतातल्या गटाचे नेतृत्व मेजर कूटकडे होते. थांबल्यास नवाबाच्या मदतीला फ्रेंच येतील आणि आपल्या फौजेचे मनोबल खचेल, असा त्याचा मुद्दा होता. बैठक संपल्यावर क्लाइव्हने आपला निर्णय फिरवला आणि २३ जूनला लढाई झाली. इतिहासात प्लासी क्लाइव्हच्या नावावर आहे. मात्र त्या दिवशी लढण्याचा सल्ला कूटचा होता.

प्लासीनंतर जाँ लॉ या फ्रेंच अधिकाऱ्याच्या तुकडीचा पाठलाग करण्याचे काम कूटकडे आले. ऐन पावसाळ्यात बिहारपर्यंत सुमारे ४०० मैलांची ही मोहीम होती. वाटेत गोऱ्या सैनिकांनी पुढे चालण्यास नकार दिला. तेव्हा कूटने त्यांना नावांतून पाठवले आणि तो हिंदी शिपायांना घेऊन पायी पुढे गेला. लॉ हाती लागला नाही, पण फ्रेंच बंगाल-बिहारबाहेर गेले. कूटची आणि हिंदी शिपायांची जवळीक या मोहिमेत वाढली. पुढे मद्रासचे शिपाई त्याला ‘कूट बहादूर’ म्हणू लागले.

वांदिवाशची लढाई निर्णायक का ठरली?

१७५९ मध्ये कूटसाठी ८४ वी पलटण नव्याने उभारण्यात आली. तिच्यासह तो पुन्हा मद्रासला आला. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यातले सप्तवार्षिक युद्ध तेव्हा ऐन भरात होते. भारतात फ्रेंचांचा सेनापती होता काउंट लाली. त्याचे वडील आयर्लंड सोडून फ्रान्सच्या आश्रयाला गेलेले कॅथलिक सरदार. म्हणजे तमिळ मुलखातल्या या युद्धात दोन्ही बाजूंचे सेनापती मूळ आयर्लंडशी नाते सांगणारे होते.

लाली शूर होता, पण त्याच्याकडे पैसा नव्हता. ऑक्टोबर १७५९ मध्ये पगार थकल्याने त्याच्याच सैनिकांनी बंड केले होते. ओझी वाहायला बैल नव्हते, किनाऱ्यावर आरमार नव्हते. दुसरीकडे कूटमागे बंगालचा महसूल आणि समुद्रावरचे इंग्रज आरमार उभे होते. नोव्हेंबरअखेर कूटने वांदिवाशचा किल्ला घेतला. तो परत मिळवण्यासाठी लालीने वेढा घातला आणि २२ जानेवारी १७६० रोजी दोन्ही फौजा समोरासमोर आल्या. दोन्हीकडे युरोपीय सैनिक साधारण दोन-दोन हजार होते.

लढाई चालू असताना फ्रेंचांच्या डाव्या बाजूचा दारूगोळ्याचा गाडा उडाला. त्या बाजूला गोंधळ उडताच कूटने मेजर ब्रेर्टनला चालून जाण्याचा हुकूम दिला. ब्रेर्टन मारला गेला, पण फ्रेंचांची डावी फळी कोसळली. तिला सावरण्यासाठी धावलेला बुसी कैद झाला. दख्खनमध्ये निजामाच्या दरबारी अनेक वर्षे फ्रेंचांचे वजन टिकवणारा आणि पेशव्यांच्या फौजांशीही लढलेला हाच तो बुसी. गुत्तीच्या मोरारराव घोरपड्यांचे मराठा घोडदळ फ्रेंचांनी पैसे कबूल करून आणले होते. प्रत्यक्ष लढाईत ते बाजूलाच राहिले. पैसे बुडण्याची भीती असलेल्या पक्षासाठी जीव धोक्यात घालण्याचे त्यांना कारण नव्हते.

पाँडिचेरी कशी पडली?

वांदिवाशनंतर कूटने अर्कोट घेतले, एकेक ठाणे उचलले आणि अखेर पाँडिचेरीला वेढा घातला. लालीने म्हैसूरच्या हैदरअलीची मदत मागितली. हैदरचे सैन्य आले, एका इंग्रज तुकडीला हरवून काही काळ राहिले आणि परत गेले. वेढा चालू असताना लंडनहून आलेल्या आदेशांमुळे कर्नल मॉन्सनकडे सेनापतिपद गेले. कूट बाजूला झाला. पुढे मॉन्सन जखमी झाल्यावर तो परतला.

या वेढ्याची एक काळी बाजूही आहे. अन्न पुरेना म्हणून लालीने शहरातील सुमारे १,४०० स्थानिक लोकांना बाहेर काढले. कूटने त्यांना आपल्या रांगांतून जाऊ दिले नाही, कारण ते परत आत गेले तर शहरातला साठा लवकर संपणार होता. ही माणसे आठवडाभर दोन फौजांमध्ये उपाशी अडकून पडली. अखेर कूटने वाट मोकळी केली.

१ जानेवारी १७६१ रोजी वादळात इंग्रजांची काही जहाजे बुडाली, तरी नाकेबंदी सुटली नाही. १६ जानेवारीला इंग्रज पाँडिचेरीत शिरले. त्याच्या दोनच दिवस आधी, १४ जानेवारीला, पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला होता. भारतावर वर्चस्व गाजवू शकतील अशा दोन सत्तांना एकाच आठवड्यात जबर तडाखा बसला. लालीला पुढे फ्रान्समध्ये देशद्रोहाच्या आरोपाखाली १७६६ मध्ये मृत्युदंड देण्यात आला.

विजयानंतर जुनेच भांडण उफाळले. शहर राजाचे की कंपनीचे? मद्रासचा गव्हर्नर पिगट याने शहर कंपनीच्या ताब्यात दिल्याशिवाय सैन्याला पगार देणार नाही, अशी भूमिका घेतली. कूटला माघार घ्यावी लागली. तलवार राजाची असली तरी तिजोरी कंपनीची आहे, हे त्याला पुन्हा एकदा कळले.

मधल्या काळात कूट कुठे होता?

१७६१ मध्ये तो बंगालमध्ये होता. पाटण्यात नवाब मीर कासिमशी त्याचे बिनसले. कूट पहाटे हातात पिस्तुले घेऊन आपल्या तंबूत घुसला, अशी तक्रार नवाबाने केली. रणांगणावरचा शांत सेनापती दरबारी व्यवहारात किती तापट होता, हे त्यातून दिसते.

१७६२ मध्ये मायदेशी गेल्यावर कंपनीने त्याला रत्नजडित तलवार दिली. हॅम्पशायरमध्ये त्याने मोठी इस्टेट घेतली आणि १७६८ मध्ये लेस्टरमधून तो पार्लमेंटवर निवडून गेला. त्यानंतर तो मद्रासचा सेनापती म्हणून आला, पण गव्हर्नरशी अधिकारांवरून वाद होताच वर्षभरातच परत फिरला. १७७१ मध्ये त्याला ‘सर’ हा किताब मिळाला.

१७७९ मध्ये तो सरसेनापती म्हणून कलकत्त्याला परतला. त्या वर्षीच्या जानेवारीत मुंबईकर इंग्रजांच्या फौजेने वडगावला मराठ्यांपुढे शरणागती पत्करली होती. पुण्यावर पुन्हा चाल करण्यासाठी गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जने ज्याच्यावर भिस्त ठेवली, तो जनरल गॉडर्ड हा एकेकाळी कूटच्याच ८४ व्या पलटणीतला अधिकारी.

पुण्याचा डाव मद्रासपर्यंत कसा पोहोचला?

इंग्रजांना एका आघाडीवर रोखणे कठीण आहे, हे नाना फडणवीसांनी ओळखले होते. त्यामुळे १७८० च्या सुरुवातीला पुणे दरबार, हैदरअली, निजाम आणि नागपूरकर भोसले अशा चौघांची युती आकाराला आली. पश्चिमेला मराठ्यांनी, बंगालकडे भोसल्यांनी, पूर्व किनाऱ्याच्या उत्तर भागात निजामाने आणि मद्रासवर हैदरने चालून जायचे, अशी आखणी होती.

यातला आपला भाग पूर्ण ताकदीने पार पाडला तो हैदरने. जुलै १७८० मध्ये तो प्रचंड फौजेसह कर्नाटक प्रांतात उतरला. तेव्हाचा हा ‘कर्नाटक’ म्हणजे आजचे कर्नाटक राज्य नव्हे, तर तमिळनाडूतला अर्कोटच्या नवाबाचा मुलूख. १० सप्टेंबरला पोल्लिलूर येथे कर्नल बेलीची संपूर्ण तुकडी हैदर आणि टिपू यांनी नष्ट केली. जवळच असलेला हेक्टर मन्रो, म्हणजे बक्सारच्या लढाईचा विजेता, कांचीपुरमच्या तलावात तोफा टाकून मद्रासकडे पळाला.

ही बातमी कलकत्त्याला पोहोचताच हेस्टिंग्जने मद्रासच्या गव्हर्नरला निलंबित केले आणि कूटला १५ लाख रुपयांसह समुद्रमार्गे पाठवले. ५ नोव्हेंबर १७८० रोजी तो मद्रासला उतरला. वय ५४, प्रकृती खालावलेली.

लढाया जिंकल्या, मग अडले कुठे?

हैदरने मद्रासभोवतीचा मुलूख आधीच उजाड केला होता. धान्य जाळले, गुरे हाकून नेली. तोफा ओढायला बैल नाहीत, बैल मिळाले तर वैरण नाही, वैरण मिळाली तर ती आणताना हैदरचे घोडेस्वार टिपायला तयार. कूटकडे घोडदळ जवळपास नव्हतेच. जेमतेम काही दिवसांचा तांदूळ सैनिकांच्या पाठीवर देऊन चालायचे, ठाण्याला रसद पोहोचवायची आणि पोट रिकामे होण्याआधी किनाऱ्याकडे किंवा मद्रासला परतायचे, असे त्याच्या मोहिमांचे रूप झाले.

जानेवारी १७८१ मध्ये त्याच्या हालचालींमुळे वांदिवाशचा वेढा उठला. तो किल्ला फ्लिंट नावाच्या तरुण अधिकाऱ्याने मूठभर शिपायांसह लढवून ठेवला होता. त्यानंतर कूट कडलूरच्या किनाऱ्यावर आला. त्याच वेळी फ्रेंच आरमार समोर उभे राहिले. पुढे समुद्र, मागे हैदर, आणि अन्न संपत आलेले. फ्रेंचांनी तिथे तळ ठोकला असता तर कूटची फौज उपासमारीनेच शरण आली असती. पण फेब्रुवारीत फ्रेंच जहाजे निघून गेली आणि तो वाचला.

जूनमध्ये चिदंबरमच्या तटबंद मंदिरावरील हल्ला फसला. हैदरला वाटले, कूट आता हातात आला. १ जुलै १७८१ रोजी पोर्टो नोव्हो, म्हणजे परंगीपेट्टई येथे हैदरने त्याची वाट अडवली. कूटकडे सुमारे साडेआठ हजार सैनिक होते. हैदरकडे त्याच्या कितीतरी पट. हैदरने तयार ठेवलेल्या तोफांच्या तोंडी जाण्याऐवजी कूट किनाऱ्यालगतच्या वाळूच्या टेकड्यांआडून बाजूला वळला. समुद्रातल्या लहान जहाजानेही तोफा डागून मदत केली. दिवसभराच्या झुंजीनंतर हैदर मागे हटला. मात्र त्याच्या तोफा सुरक्षित निघून गेल्या, कारण त्या ओढणारे बैल उत्तम होते. कूटकडे पाठलाग करायला घोडे नव्हते.

पुढे २७ ऑगस्टला पोल्लिलूर आणि २७ सप्टेंबरला शोलिंगूर येथे लढाया झाल्या. पोल्लिलूरला निकाल अर्धवट राहिला, शोलिंगूरला कूटचा स्पष्ट विजय झाला. पण प्रत्येक वेळी गोष्ट तीच. हैदर हटायचा, काही मैलांवर पुन्हा तळ द्यायचा आणि कूट तांदळासाठी परत फिरायचा. १७६० मध्ये लालीची जी अवस्था होती, तीच आता कूटची झाली होती. फरक एवढाच की कूटमागे बंगाल होता.

नागपूरकर भोसल्यांची भूमिका काय राहिली?

बंगालची मदत पोहोचली ती मराठी सत्तेच्या मुलखातून. बंगाली पलटणींतले बरेच शिपाई समुद्रप्रवास टाळत. त्यामुळे कर्नल पिअर्सची फौज १७८१ च्या सुरुवातीला मिदनापूरहून जमिनीवरून निघाली. वाटेत ओडिशा होता आणि तो नागपूरकर भोसल्यांकडे होता. युतीप्रमाणे भोसल्यांनी बंगालवर चालून जायचे होते. त्यांचे सैन्य कटकपर्यंत आलेही होते. पण हेस्टिंग्जने पैसे देऊन त्यांना गप्प बसवले आणि पिअर्सला वाट मिळाली. शेकडो मैल चालून, पटकी आणि पळापळीने घटलेली ही फौज ऑगस्ट १७८१ मध्ये कूटला मिळाली. निजामही युतीतून अलगद बाजूला झाला होता. चौघांच्या युतीतले दोघे असे गळाले नसते, तर कूटला पोल्लिलूर आणि शोलिंगूरपर्यंत पोहोचणे अवघड होते.

शेवटची दोन वर्षे कशी गेली?

जून १७८१ मध्ये लॉर्ड मॅकार्टनी मद्रासचा गव्हर्नर झाला. तोही आयर्लंडमध्येच जन्मलेला. हेस्टिंग्जने कूटला युद्धाचे पूर्ण अधिकार दिले होते. मॅकार्टनीला ते खटकत होते. पैसा, बैल, तांदूळ आणि मोहिमेची दिशा या प्रत्येक गोष्टीवरून दोघांत कागदी लढाई जुंपली. कूट हट्टी होता, मॅकार्टनीही काटकसरीत कडक होता. फटका सैन्याला बसत होता.

जानेवारी १७८२ मध्ये वेल्लोरच्या किल्ल्याला धान्य पोहोचवण्यासाठी निघालेला असताना कूटला झटका आला. तो वाचणार नाही असे वाटले. पण शुद्धीवर येताच त्याने मोहीम पुढे नेली आणि पालखीतून सैन्यासोबत गेला. वेल्लोरला धान्य पोहोचले. पुढच्याच महिन्यात तंजावर भागात ब्रेथवेटची तुकडी टिपूने संपवली आणि एप्रिलमध्ये कडलूर फ्रेंचांच्या हाती गेले. १७ मे रोजी इंग्रज आणि मराठे यांच्यात सालबाईचा तह झाला. तरीही हैदर थांबला नाही. नानांनीही तहावर शिक्कामोर्तब करणे डिसेंबरपर्यंत लांबवले. २ जूनला अरणी येथे कूट आणि हैदर शेवटचे समोरासमोर आले. निकाल पूर्वीसारखाच.

सप्टेंबरमध्ये कूट उपचारांसाठी बंगालला गेला. ऑक्टोबरच्या वादळात मद्रासच्या किनाऱ्यावर तांदळाने भरलेली जहाजे बुडाली. आधीच उपाशी असलेल्या शहरात दुष्काळाने माणसे मरू लागली. ७ डिसेंबर १७८२ रोजी हैदरअलीचा मृत्यू झाला. ज्याच्याविरुद्ध दीड वर्ष झुंज दिली तो गेला, तेव्हा कूट अंथरुणावर होता.

मार्च १७८३ मध्ये फ्रेंच फौजेसह बुसी कडलूरला उतरला. वांदिवाशला कूटच्या हाती सापडलेलाच बुसी, आता वृद्ध झालेला. कूट पुन्हा मद्रासकडे निघाला. वाटेत फ्रेंच युद्धनौकांनी त्याच्या जहाजाचा पाठलाग केला. जहाज निसटले, पण त्या ताणाने त्याची प्रकृती ढासळली. मद्रासला उतरल्यावर काही दिवसांतच, एप्रिल १७८३ च्या अखेरीस त्याचा मृत्यू झाला. पार्थिव पुढे हॅम्पशायरमधील रॉकबर्न येथे नेण्यात आले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये कंपनीने त्याचे भव्य स्मारक उभारले. ११ मार्च १७८४ च्या मंगळूरच्या तहाने एकमेकांचा जिंकलेला मुलूख परत करण्याचे ठरले. चार वर्षांच्या रक्तपातानंतर सीमा होत्या तिथेच राहिल्या.

कूटचे मूल्यमापन कसे करायचे?

कूटने हैदरला संपवले नाही, हे खरे. पण हैदरला मद्रासही घेऊ दिले नाही. १७८० च्या अखेरीस दक्षिणेत कंपनीची सत्ता बुडण्याच्या बेतात होती आणि ती कूटने तगवली. मोठी किंमत मात्र सामान्य तमिळ शेतकऱ्याने मोजली. हैदरने जाळलेला आणि दोन्ही फौजांनी ओरबाडलेला मुलूख त्याचाच होता.

त्याच्या नावाबाबत एक गोंधळ नेहमी होतो. याच नावाचा त्याचा पुतण्याही ब्रिटिश सेनापती होता. तो अमेरिका आणि इजिप्तमधील युद्धांत लढला. कूटला मूल नव्हते, त्यामुळे इस्टेटही पुढे या पुतण्याकडे गेली.

कूटच्या मोहिमांचा धडा वीस वर्षांनी दुसऱ्या अँग्लो-आयरिश अधिकाऱ्याने गिरवला. १७९९ मध्ये टिपू पडल्यावर हैदर-टिपूंनी जोपासलेले अमृतमहाल जातीचे बैल कंपनीच्या ताब्यात आले. डब्लिनमध्ये जन्मलेल्या आर्थर वेलस्लीने १८०३ च्या दख्खन मोहिमेत तोफा आणि रसद वाहण्यासाठी म्हैसूरचे हे बैल वापरले. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असईला शिंदे-भोसल्यांचा पराभव झाला. पोर्टो नोव्होला हैदरच्या तोफा कूटच्या हातून ज्यांनी निसटवल्या, त्याच जातीचे बैल आता इंग्रजांच्या तोफा मराठ्यांवर ओढून नेत होते.